पेन रिलेजची तयारी : शालेय ४×४०० संघाच्या प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी

या वर्षीच्या मुलींच्या ४×४०० मीटर रिले संघाचे (चौघी, प्रत्येकी ४०० मीटर) काम आजपासून स्वतंत्र प्रकल्प म्हणून नोंदवायला घेत आहे. प्रकल्पाचे टोक एप्रिलच्या अखेरीस आहे : फिलाडेल्फियातील फ्रँकलिन फील्डवर होणाऱ्या पेन रिलेज, म्हणजे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रिले शर्यती. संघ न्यू जर्सीतील एका सार्वजनिक शाळेचा आहे आणि मागच्या हंगामातील त्याची सर्वोत्तम वेळ ४ मिनिटे ६ सेकंदांच्या आसपास होती. तिथल्या शालेय मुलींच्या अंतिम शर्यतीचा निकाल साधारणपणे साडेतीन ते पावणेचार मिनिटांच्या दरम्यान लागतो. त्यामुळे आपण अजिंक्यपदाच्या शर्यतीत नाही, हे पहिल्याच बैठकीत मुलींना स्पष्ट सांगितले आहे. चार मिनिटांच्या आत येणे हे उद्दिष्ट ठरले आहे.

मग या स्पर्धेसाठी वेगळा प्रकल्प कशाला, असा प्रश्न शाळेच्या क्रीडा विभागाकडून आला. त्याचे उत्तर इथेच नोंदवून ठेवतो. पेन रिलेज १८९५ मध्ये सुरू झाल्या आणि दोन्ही महायुद्धांच्या काळातही बंद पडल्या नाहीत. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे त्या झाल्या नाहीत आणि २०२२ पासून पुन्हा होत आहेत. तीन दिवसांत शाळा, महाविद्यालये आणि आंतरराष्ट्रीय धावपटू एकाच ट्रॅकवर एकामागून एक धावतात. एक हीट (एका गटाची शर्यत) संपते न संपते तोच पुढची उभी केली जाते. आपल्या शर्यतीआधी आणि नंतर कोण धावणार, गर्दी किती असणार, ट्रॅकवर जायला नेमकी किती वेळ वाट पाहावी लागणार, यातले काहीही संघाच्या हातात नसते. जिल्ह्याच्या स्पर्धेची तयारी करून तिथे जाणारा संघ पायांनी तयार असला तरी बाकीच्या गोष्टींनी गांगरतो, हे मी इतर संघांच्या बाबतीत अनेकदा पाहिले आहे.

शिवाय तिथे प्रशिक्षकाची हद्द फार लवकर संपते. धावपटू पॅडॉकच्या (शर्यतीआधी थांबण्याच्या जागेच्या) प्रवेशद्वारातून आत गेल्या की प्रशिक्षकाने स्टँडमध्ये जाऊन बसायचे. आपण ओरडलेले शब्द त्या मैदानात कुणाच्याही कानी पडत नाहीत. त्यामुळे या प्रकल्पाचा खरा विषय चार मुलींचे निर्णय हा आहे. वेग हा त्याचा एक भाग.

३ फेब्रुवारी

सध्या सगळे काम बंदिस्त मैदानात चालू आहे. २०० मीटरच्या ट्रॅकवर प्रत्येकीला दोन फेऱ्या धावाव्या लागतात, वळणे आवळलेली असतात आणि एकदा मागे पडले की पुढे निघायला सरळ भाग पुरत नाही. या अडचणीचा आम्ही उपयोग करून घेत आहोत. आतल्या कडेची जागा कधी धरायची आणि कुणाच्या खांद्यामागे थांबून कधी बाहेरून निघायचे, हे इथे जितक्या वेळा ठरवावे लागते तितके ४०० मीटरच्या खुल्या ट्रॅकवर लागत नाही.

वेळा बऱ्या आहेत. दोघींच्या फेरीचा पहिला अर्धा भाग गरजेपेक्षा वेगवान होतो. ४०० मीटरमध्ये पहिले २०० मीटर दुसऱ्यांपेक्षा वेगाने धावले जाणारच; शालेय पातळीवर दोन ते अडीच सेकंदांचा फरक मी स्वाभाविक मानतो. फरक चार सेकंदांवर गेला की शेवटच्या ८० मीटरमध्ये गुडघे उचलले जात नाहीत, हात आडवे हलू लागतात आणि बॅटन (रिलेतील दांडी) पुढे देण्याच्या क्षणी धावपटू जवळजवळ थांबलेली असते. म्हणजे पहिल्या वळणावरील उतावळेपणाची किंमत पुढच्या मुलीला मोजावी लागते. रिलेतील फेरी आणि एकटीची ४०० मीटर शर्यत यांतला हा फरक त्यांना आकड्यांतून दाखवत आहे, कारण उपदेशापेक्षा स्टॉपवॉचवर मुलींचा विश्वास अधिक असतो. आणि तो योग्यच आहे.

२० मार्च

खुल्या मैदानाचा हंगाम सुरू झाला. आज संपूर्ण सराव बॅटन बदलण्यावर केला.

४×१०० मध्ये घेणारी धावपटू मागे न पाहता पूर्ण वेगात हात मागे करते आणि त्यासाठी ३० मीटरचा झोन, म्हणजे बॅटन बदलण्याचा ठरलेला पट्टा, मिळतो. ४×४०० मध्ये झोन २० मीटरचाच असतो आणि घेणारीने मागे पाहूनच बॅटन घ्यायचे असते, कारण येणारी मुलगी किती दमलेली असेल हे आधी सांगता येत नाही. आमची पद्धत अशी ठरली आहे : घेणारीने मैदानाच्या आतल्या बाजूला तोंड करून उभे राहायचे, डावा हात मागे उंच आणि स्थिर ठेवायचा, बॅटन डाव्या हातात घ्यायचे आणि पहिल्या काही पावलांतच ते उजव्या हातात न्यायचे. देणारीने उजव्या हाताने द्यायचे आणि दिल्यानंतर वाट मोकळी होईपर्यंत आपल्या रेषेतच थांबायचे. हे शेवटचे वाक्य सर्वात कमी पाळले जाते. दमलेली धावपटू दिल्याबरोबर आत किंवा बाहेर कोसळू पाहते आणि मागून येणाऱ्या संघाच्या पायांत येते. त्यात आपला संघही बाद होऊ शकतो.

नियमातील एक बारकावा सर्वांकडून वदवून घेतला. झोनच्या हद्दीत काय आहे हे ठरवताना बॅटनची जागा पाहिली जाते. धावपटूचे पाय कुठे आहेत याला महत्त्व नाही. बॅटन पडले तर ज्या धावपटूकडून पडले तिनेच ते उचलायचे. उचलताना अंतर कमी होता कामा नये आणि कुणाला अडथळा होता कामा नये. बॅटन पडले म्हणजे शर्यत संपली असे नव्हे, हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना पटवणे अवघड असते, म्हणून आज मुद्दाम काही फेऱ्यांत बॅटन पाडायला लावले. सुरुवातीला हसू आले, नंतर उचलून धावण्याची सवय लागली.

सर्वाधिक वेळ गेला तो निघण्याच्या क्षणावर. येणारी मुलगी एका ठरलेल्या खुणेवर आली की घेणारीने तीन जोरदार पावले टाकायची आणि मग हात मागे करायचा, ही मूळ सूचना आहे. येणारी ताजी असेल तर खूण लांब धरायची. पाय जड झालेले दिसले तर जवळ. आणि समोर दाटी असेल तर खूण सोडूनच द्यायची. या तिसऱ्या पर्यायाचा सराव सहा-सात मुलींना झोनमध्ये मुद्दाम गर्दी करायला लावून केला.

२७ मार्च

क्रम ठरवला. यावर शाळेतील दुसऱ्या प्रशिक्षकांशी बरीच चर्चा झाली. प्रचलित पद्धतीत दोन नंबरची वेगवान मुलगी आधी आणि सर्वात वेगवान शेवटी ठेवतात. उरलेल्या दोघी मध्ये. मी दुसऱ्या टप्प्यावर वेगापेक्षा धिटाई पाहिली आहे. कप्पे (प्रत्येक संघाच्या वेगळ्या लेन) सुटल्यानंतर सर्वजणी आतल्या कडेकडे झेपावतात तेव्हा कोपर लागते, पायाला स्पाइक्स (बुटांचे खिळे) घासतात आणि त्या गर्दीत जी मुलगी दचकून पाऊल आखडते ती तीन-चार जागा गमावते. आमची दुसऱ्या टप्प्याची धावपटू हिवाळ्यात बास्केटबॉल खेळते आणि धक्क्याने विचलित होत नाही. तिला तिथून हलवणार नाही.

तिसऱ्या टप्प्यावर ठेवलेल्या मुलीच्या मात्र हा निर्णय मनाला लागला आहे. सर्वात मंद धावपटूला तिसऱ्या टप्प्यावर दडवतात, हे तिने कुठे तरी ऐकले आहे. त्यावर आज काही बोललो नाही. १३ एप्रिलच्या बैठकीत या विषयावर यायचे आहे.

६ एप्रिल

आजचा सराव वाट पाहण्याचा होता. क्रीडा विभागातील एका सहकाऱ्यांना तो हास्यास्पद वाटला. त्यांचे म्हणणे असे की थांबण्याचा काय सराव करायचा.

पॅडॉकमध्ये धावपटूंना हीटच्या क्रमाने रांगेत आणले जाते. आपल्या आधी अनेक हीट उभ्या असतात. वॉर्म-अप संपल्यानंतर प्रत्यक्ष धावेपर्यंत बराच काळ जातो आणि त्या काळात मोकळी धाव घ्यायला जागा नसते. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाची हवा थंड असू शकते. फ्रँकलिन फील्डच्या दुमजली स्टँडमुळे ट्रॅकचा काही भाग सावलीत असतो. शरीर तापवून आणलेली धावपटू या रांगेत थंड होते. आणि शरीराआधी तिचे डोके भरकटते, कारण शेजारच्या रांगेत जमैकाच्या शाळेचा संघ उभा असतो, पलीकडे कुणी तरी राज्यविजेती असते आणि डोक्यावरच्या स्टँडमधून दर मिनिटाला गर्जना ऐकू येत असते.

म्हणून आज पूर्ण वॉर्म-अपनंतर मुलींना जिन्याखालच्या अरुंद जागेत उभे ठेवले. किती वेळ, ते सांगितले नाही. जागच्या जागी करता येतील अशा हालचाली, पोटऱ्यांचे उचल व्यायाम, गुडघे उचलणे आणि कपडे एकेक करून केव्हा उतरवायचे याचा क्रम त्यांनी स्वतः ठरवला. मध्येच दोनदा ‘पुढे चला’ असे सांगून पुन्हा थांबवले. त्यानंतर लगेच ३०० मीटरची एक कसून धाव घेतली. पहिल्या प्रयत्नात चौघींच्याही वेळा ढासळल्या. दुसऱ्या वेळी, विश्रांतीनंतर, तिघींच्या नेहमीसारख्या आल्या. ज्या सहकाऱ्यांना हसू आले होते त्यांना कागद दाखवला.

१३ एप्रिल

तासभराची बैठक, धावणे नाही.

ऐतिहासिक स्पर्धेला जाताना इतिहास किती सांगावा, याबद्दल माझे मत ठाम आहे : धावताना उपयोगी पडेल तेवढाच. जुन्या नावांचे ओझे घेऊन ट्रॅकवर उतरलेल्या मुलीला पहिल्या वळणावरच श्वास लागतो. पण तिसऱ्या टप्प्याचा प्रश्न होता आणि त्याला इतिहासाकडून उत्तम उत्तर मिळत होते.

आधी मूळ सांगितले. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने १८९३ मध्ये प्रिन्स्टनविरुद्ध चौघांच्या संघांची शर्यत घेतली, प्रत्येकाने पाव मैल धावायचे. त्या प्रयोगातून दोन वर्षांनी रिले शर्यतींची ही जत्राच उभी राहिली. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ४×४०० चा समावेश १९१२ मध्ये झाला आणि महिलांना त्यासाठी १९७२ च्या म्युनिकपर्यंत थांबावे लागले. म्हणजे आम्ही जी शर्यत धावणार आहोत ती या मैदानावर ऑलिंपिकपेक्षा जुनी आहे.

मग जॉन टेलर. ते पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे धावपटू आणि पशुवैद्यकाचे विद्यार्थी होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधील मेडले रिलेत (टप्प्यांची अंतरे वेगवेगळी असलेल्या रिलेत) अमेरिकेच्या विजयी संघातून ते ४०० मीटरचा तिसरा टप्पा धावले आणि ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन ठरले. त्याच वर्षाच्या अखेरीस, वयाच्या २६ व्या वर्षी, विषमज्वराने त्यांचा मृत्यू झाला.

त्यानंतर हर्ब मॅकेन्ली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जमैकाचा ४×४०० संघ तिसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीला बरेच मीटर मागे होता. मॅकेन्लींनी ४४.६ सेकंदांत फेरी पूर्ण करून अंतर भरून काढले, चौथ्या टप्प्याच्या जॉर्ज रोडेन यांच्या हाती बॅटन दिले आणि जमैकाने ३:०३.९ अशा विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकले. जमैकाच्या शाळा १९६४ पासून पेन रिलेजला येऊ लागल्या, त्यामागेही मॅकेन्लींचेच प्रयत्न होते. पहिली आलेली शाळा किंग्स्टन कॉलेज. आज त्या स्टँडमध्ये हिरवे-पिवळे-काळे झेंडे दिसतात त्याची सुरुवात तिथली.

तिसऱ्या टप्प्याची मुलगी सगळे ऐकून घेऊन म्हणाली, “पण कोच, ते मंद नव्हते.” मी म्हटले, नव्हतेच, आणि सर्वात मंद धावपटूला लपवायची जागा म्हणजे तिसरा टप्पा, असे तुला सांगणाऱ्याला ही शर्यत ठाऊक नाही. तिसऱ्या टप्प्यावर शर्यत पांगलेली असते, पुढची दूर असते, मागचीचा आवाज येत नाही आणि स्वतःच वेग राखावा लागतो. आमच्या संघात एकटीने वेग राखण्यात ती सर्वांत भरवशाची आहे, आणि तिला तिथे ठेवण्याचे कारण तेवढेच आहे. पटले की नाही, कळले नाही. तिने वहीत ४४.६ हा आकडा लिहून घेतला.

२२ एप्रिल

सरावाचा भार उतरवला आहे. या आठवड्यात फक्त छोट्या वेगवान धावा, बॅटन बदल आणि झोप.

२५ एप्रिल, गुरुवार

आमची हीट आज झाली. अधिकृत वेळ ४:००.७४, हीटमध्ये तिसरा क्रमांक.

मुलींना पॅडॉकच्या प्रवेशद्वारापर्यंत सोडले. तिथे सांगायचे काही उरले नव्हते; हीटचा क्रमांक एकदा तपासला आणि स्टँडमध्ये गेलो. शेवटच्या वळणाच्या बाजूला वरच्या मजल्यावर जागा मिळाली. शनिवारी इथे याहून कितीतरी अधिक गर्दी असते. २०१० मध्ये युसेन बोल्ट जमैकाच्या संघातून ४×१०० चा शेवटचा टप्पा धावले त्या दिवशी ५४ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. गुरुवारीही आवाज पुरेसा होता. इथला प्रेक्षक जाणकार आहे. कुठल्याही अनामिक हीटमध्ये एखादी मुलगी पुढचीला गाठू लागली की त्या भागातून चढत जाणारा आवाज उठतो आणि गाठेपर्यंत थांबत नाही. धावपटूला तो ऐकू येतो. म्हणून मागून कुणी येत आहे हे वळून न पाहता कळते, आणि आपण मागून जात असलो तर तो आवाज आपल्याला वेळेआधी ओढतो. हे मुलींना आधीच सांगितले होते.

पहिला टप्पा ६०.८. सुरुवात शांत, शेवट भक्कम, पाचव्या क्रमांकावर बॅटन दिले. दुसरा टप्पा ६०.१. कप्पे सुटल्यावर आत येताना तिला दोन मुलींनी मधोमध धरले. तिने पाऊल आखडले नाही, मागच्या सरळ भागात बाहेरून निघाली आणि संघाला चौथ्या स्थानावर आणले. तिसरा टप्पा ६१.३. आकड्यांत सर्वात मंद, तरीही माझ्या मते आजची सर्वात शिस्तबद्ध फेरी, कारण पहिला आणि दुसरा अर्धा भाग यांतला फरक जेमतेम दोन सेकंदांचा होता. तिच्या पुढे पंधरा-वीस मीटर मोकळे होते, मागून एक संघ जवळ येत होता आणि स्टँडमधला आवाज त्या संघासाठी चढत होता. ती विचलित झाली नाही. शेवटच्या वळणावर मात्र तो संघ तिच्या बरोबरीला आला आणि झोनमध्ये दोन्ही संघ एकत्र पोहोचले.

यापुढील पाच-सहा सेकंदांची नोंद सविस्तर ठेवतो. येणाऱ्या संघांच्या क्रमाने पंच पुढच्या धावपटूंना आतून बाहेर उभे करतात. आमची चौथ्या टप्प्याची धावपटू आतून चौथी होती, तिच्या उजवीकडे बरोबरीला आलेल्या संघाची मुलगी. आतल्या संघाची बॅटन देऊन झालेली धावपटू झोनमध्येच अडखळून बाहेरच्या बाजूला कलली. शेजारची मुलगी ठरल्याप्रमाणे जोरात निघाली, तिचा हात मागे गेला आणि तिच्या संघाला झोनच्या शेवटच्या रेषेपर्यंत बॅटन मिळेना. आमची मुलगी निघालीच नाही. तिने एक पाऊल टाकले, समोर पाहिले, पुन्हा मागे पाहिले आणि जवळजवळ उभ्या उभ्या बॅटन घेतले. स्टँडमधून मला वाटले की ती गोठली. माझ्या अंदाजाने तिथे अर्धा सेकंद गेला. पण बॅटन सुरक्षित हातात आले, अडखळलेली धावपटू सावरून बाजूला झाली आणि मोकळ्या झालेल्या वाटेने ती निघाली. ५८.५. अखेरच्या सरळ भागात तिने पुढच्या एका संघाला मागे टाकले.

नंतर तिला विचारले की खूण का सोडली. तिचे उत्तर असे होते की समोर जागाच नव्हती, मग वेगात जाऊन करायचे काय. यावर माझी काही सूचना नाही.

२६ एप्रिल

मुलींना घेऊन अंतिम शर्यती पाहायला गेलो. अजिंक्यपदाच्या ४×४०० मधील संघ आमच्यापेक्षा पंधरा-वीस सेकंदांनी वेगवान आहेत. त्यांचे बॅटन बदल पाहताना सर्वांचे लक्ष एकाच गोष्टीकडे वेधले : हात मागे गेल्यावर तो हलत नाही. आमच्याकडे घेणारीचा हात बॅटन शोधतो. जमैकाच्या संघांमध्ये हात स्थिर असतो आणि जबाबदारी देणारीवर असते.

विजेत्यांना मिळणारे गोल सन्मानचिन्ह मुलींनी जवळून पाहिले. रॉबर्ट टेट मॅकेन्झी यांनी १९२५ मध्ये घडवलेल्या त्या चिन्हावर खुर्चीत बसलेले बेंजामिन फ्रँकलिन चार धावपटूंचे स्वागत करताना दिसतात. चौघांपैकी तिसरा कोणता, यावर परतीच्या बसमध्ये वाद झाला.

३० एप्रिल

विश्लेषण पूर्ण झाले. उद्दिष्ट पाऊण सेकंदाने हुकले. हा पाऊण सेकंद कुठे शोधायचा याबद्दल दोन मते आहेत. दुसरे प्रशिक्षक तिसऱ्या बॅटन बदलातील अर्ध्या सेकंदाकडे बोट दाखवतात. मी तो अर्धा सेकंद मोजतच नाही, कारण त्या जागी ठरलेली तीन पावले टाकली असती तर टक्कर किंवा पडलेले बॅटन यांपैकी एक नक्की होते. पहिल्या दोन बदलांत मात्र घेणारीचा हात हलल्यामुळे देणारीला शेवटची दोन पावले आखडावी लागली, हे चित्रफितीत स्पष्ट दिसते. तिथला वेळ परत मिळवता येण्याजोगा आहे.

जिल्हा स्पर्धेपर्यंतचे काम यावरून ठरले. क्रम तोच राहील. आठवड्यातून दोनदा स्थिर हाताचा सराव, त्यात घेणारीने कोपर सरळ ठेवून हात खांद्याच्या उंचीवर धरायचा आणि देणारीने डोळ्यांनी तळहात शोधायचा. गर्दीतील बॅटन बदलाचा सराव चालू ठेवायचा. पुढच्या वर्षी संघात येणाऱ्या दोन मुलींना आतापासूनच त्यात उभे करायचे. तिसऱ्या टप्प्याच्या मुलीने जिल्हा स्पर्धेत स्वतंत्र ४०० मीटरसाठीही नाव देण्याची विनंती केली आहे. नाव दिले आहे.